दोन ॲम्प्लिफायरच्या आवाजात खरंच फरक असतो का? घरच्या घरी तपासायची पद्धत

शोरूममध्ये दोन ॲम्प्लिफायर आलटून पालटून ऐकवले की त्यातला एक लगेच उजवा वाटतो. गळा मोकळा, शब्द स्पष्ट, डग्ग्याला वजन. बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की तो दुसऱ्यापेक्षा अर्धा-एक डेसिबल मोठ्याने वाजत असतो. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. विकणाऱ्याच्या मनात काळंबेरं असायलाच हवं असं नाही. दोन्ही नॉब एकाच खुणेवर ठेवले तरी हे होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नीट बनवलेले, बिघाड नसलेले दोन ट्रान्झिस्टर ॲम्प घ्या, ते आपापल्या ताकदीच्या आत, अगदी समान पातळीवर, टोन कंट्रोल आणि डिजिटल करामती बंद ठेवून वाजवा, तर न पाहता ते ओळखता येत नाहीत. या वाक्यात अटी बऱ्याच आहेत आणि एकही फालतू नाही. लोकांना जो फरक ऐकू येतो तो बहुधा यातली एखादी अट मोडल्यामुळे येतो. म्हणजे ऐकणारा खोटं बोलत नसतो. फरक असतो, फक्त तो ज्याला चिकटवला जातो त्याचा नसतो. कुठली अट मोडली ते शोधायचं, मग खिशात हात घालायचा, एवढ्यासाठी हा लेख.

हे आधी कुणी तपासलंय का?

भरपूर वेळा. अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात अशी मोठी चाचणी छापली होती. एका टोकाला दोनशे-सव्वादोनशे डॉलरचा साधा रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प एकाच पेटीत), दुसऱ्या टोकाला बारा हजार डॉलरची व्हॉल्व्ह ॲम्पची जोडी (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या असलेले ॲम्प). पातळी जुळवून, न दाखवता ऐकवलं, तेव्हा बरोबर उत्तरं जवळपास निम्मी आली. नाणं उडवूनही तेवढीच येतात. कार ऑडिओतल्या रिचर्ड क्लार्क यांनी तर दहा हजार डॉलरचं बक्षीसच लावलं होतं: १२-१२ च्या दोन फेऱ्या, एकदाही चुकायचं नाही. ते बक्षीस कुणी नेलं नाही.

मला यातला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो तो १९८५ चा. बॉब कार्व्हर या ॲम्प बनवणाऱ्या इंजिनिअरने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं: तुम्हाला आवडतो तो कुठलाही महागडा ॲम्प द्या, मी माझ्या स्वस्त ॲम्पचा आवाज त्याच्यासारखा करून दाखवतो. त्यांनी एक भारी व्हॉल्व्ह ॲम्प दिला. कार्व्हरने हॉटेलच्या खोलीत बसून, दोन्ही ॲम्पचं आउटपुट एकमेकांतून वजा करत, उरलेला फरक कमी कमी करत नेला. शेवटी मासिकाच्या कान तयार असलेल्या मंडळींनाही दोन्ही वेगळे सांगता येईनात. यातून ‘सगळे ॲम्प सारखे’ असं सिद्ध होत नाही हे लक्षात घ्या. सुरुवातीला ते दोन वेगळेच वाजत होते. सिद्ध झालं ते हे, की त्या वेगळेपणाला मोजता येणारं कारण होतं.

आता आपण कामाला लागू.

पहिली पायरी: रिसीव्हरची ‘हुशारी’ बंद करा

एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठी बऱ्याच स्पीकरना चालवणारा) आणि साधा स्टीरिओ ॲम्प यांची तुलना करताना नव्वद टक्के घोळ इथेच होतो. रिसीव्हर हा ॲम्पपेक्षा कॉम्प्युटरच जास्त असतो. मायक्रोफोन लावून खोलीचं मोजमाप घेणारी ऑडिसी किंवा वायपाओसारखी प्रणाली चालू असेल, तर तो आवाजाचा प्रत्येक पट्टा वरखाली करत असतो. त्यात रात्रीचा मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम, ‘म्युझिक’ नावाचा सराउंड मोड. मग साध्या ॲम्पला लावलं की आवाज वेगळा येणारच. तो ॲम्पचा गुण नाही, सेटिंगचा आहे.

रिमोटवर ‘प्युअर डायरेक्ट’ किंवा ‘डायरेक्ट’ असतं ते दाबा. शिवाय मेन्यूत स्पीकर सेटअपमध्ये जाऊन पुढचे दोन स्पीकर ‘स्मॉल’ लावलेत का ते पाहा. ‘स्मॉल’ म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं जातं, आणि काही वेळा सबवूफर घरात नसतानाच ते तसं ठेवलेलं असतं. ‘रिसीव्हरला बेस नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी हीच गोष्ट विचारतो. चाचणीपुरतं ‘लार्ज’ करा.

साध्या ॲम्पवर बेस आणि ट्रेबल मध्यावर आणा, बेस-ट्रेबल फुगवणारं ‘लाउडनेस’चं बटण दाबलेलं असेल तर सोडवून बंद करा. ते बटण आत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरी पायरी: नॉबच्या खुणा विसरा

‘याचा नॉब नऊवर असतानाच घर हलतं, म्हणजे हा ताकदवान’ हा समज सोडून द्या. नॉब किती फिरवल्यावर किती आवाज येतो हे ॲम्पच्या गेनवर, म्हणजे तो सिग्नल किती पट मोठा करतो यावर ठरतं, वॉटवर नाही. २९ डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेजची सुमारे २८ पट. आत १ व्होल्ट गेला की बाहेर २८ व्होल्ट, आठ ओहमच्या स्पीकरवर जवळपास १०० वॉट. आता २० वॉटच्या छोट्या ॲम्पलाही तेवढाच गेन दिलेला असेल, तर नॉब अर्ध्यावर येण्याआधीच तो संपलेला असतो. सुरुवातीला मात्र तो मोठ्या ॲम्पइतकाच जोमदार वाटतो. स्वस्त ॲम्पमध्ये असा जास्त गेन मुद्दाम ठेवलेला मी पाहिलाय. गिऱ्हाईक पहिल्या पाव फेरीत खूश होतं.

तिसरी पायरी: मल्टिमीटरने पातळी जुळवा

सगळ्या चाचणीचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

कानाने जुळवलेली पातळी चालत नाही. मोबाईलवरच्या डेसिबल ॲपनेही नाही. फोन बोटभर सरकला तरी आकडा बदलतो. मोजायचं ते स्पीकरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. दोन ॲम्पमध्ये ०.१ डेसिबलच्या आत फरक हवा, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्का. एक डेसिबल म्हणजे बारा टक्के, यावरून अंदाज येईल. इतकी काटेकोर पातळी का लागते? आवाज लहान असताना कानाला बेस कमी ऐकू येतो, मोठा झाला की बेस आपोआप वर येतो. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे आलेख काढून दाखवलं होतं. म्हणून पातळीतला छोटा फरकही ‘भरदारपणा’चं सोंग घेऊन येतो.

मीटरबद्दल एक इशारा. सगळीकडे मिळणारा दोनशे-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर असतो, डीटी ८३० जातीचा, त्यावर एसी व्होल्टच्या दोनच रेंज असतात: २०० आणि ७५०. २०० च्या रेंजवर दशांशचिन्हापुढे एकच आकडा दिसतो. म्हणजे तो २.८ दाखवत असेल तेव्हा खरं व्होल्टेज २.७५ ते २.८५ यांपैकी काहीही असू शकतं. ही तफावत ०.३ डेसिबलइतकी, आपल्याला हव्या असलेल्या अचूकतेच्या तिप्पट. एसीची २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या किंवा मागून आणा. स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात, त्यामुळे हजार हर्ट्झचा टोन न वापरता २५० हर्ट्झचा वापरा.

टोन बनवायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ‘जनरेट’मध्ये ‘टोन’, आकार साइन, फ्रिक्वेन्सी २५०, ॲम्प्लिट्यूड ०.१. या ०.१ चा अर्थ पूर्ण पातळीच्या २० डेसिबल खाली. ती फाइल जपून ठेवा, पुढच्या पायरीतही लागणार आहे.

आता एक ॲम्प लावा, टोन वाजवा, मीटरच्या पिना डाव्या स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर टेकवा, नॉब फिरवून एक-दीड व्होल्ट आणा. आकडा लिहून घ्या. मग उजवा. दोन्ही बाजूंत फरक दिसला तर तोही लिहा. बऱ्याच स्वस्त ॲम्पमधला दुहेरी व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) खालच्या भागात दोन्ही चॅनेल सारखे चालवत नाही, डावं-उजवं एक-दोन डेसिबलने हलतं, आणि गाणारा मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. बॅलन्सच्या नॉबने शक्य तेवढं सुधारून घ्या. नंतर दुसरा ॲम्प लावा आणि तोच आकडा आणा.

दोघांपैकी एकाचा नॉब साधा गोल फिरणारा असेल तर काम सोपं: तो दुसऱ्याशी जुळवायचा. दोन्ही एकेका डेसिबलच्या टप्प्याने चालणारे असतील तर मधल्या जागी थांबता येत नाही. अशा वेळी मोठ्याने वाजणाऱ्या ॲम्पच्या इनपुटच्या वाटेत १० किलोओहमचा दुहेरी पॉट घालावा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. पिना आणि एक डबी, तासाभराचं सोल्डरिंग.

पिवळ्याच मीटरवर भागवायचं असेल तर एक युक्ती आहे. ट्रान्झिस्टर ॲम्पचे स्पीकर काढून ठेवा, ॲम्प्लिट्यूड ०.१ ऐवजी ०.८ चा टोन बनवा आणि आउटपुट १० व्होल्टवर जुळवा. तिथे एक दशांश म्हणजे एकच टक्का, आणि स्पीकर नसल्यामुळे कानठळ्याही बसत नाहीत. व्हॉल्व्हच्या ॲम्पला हे चुकूनही करू नका. स्पीकर न जोडता सिग्नल दिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

चौथी पायरी: ॲम्प फाटतोय का ते बघा

आवाज ‘फाटतो’ म्हणतो आपण, तो ॲम्पची ताकद संपल्याचा आवाज. अगदी कर्कश होण्याआधी काही काळ तो फक्त थोडा कडक, थकवणारा वाटतो, आणि तेवढ्यावरून लोक त्या कंपनीला ‘हार्श’ ठरवून मोकळे होतात.

तपासायची रीत सोपी आहे. तुम्ही कधीतरी, पाहुणे आल्यावर वगैरे, जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने गाणी लावता तिथे नॉब ठेवा. गाणं थांबवा, नॉबला हात न लावता आपला २५० हर्ट्झचा टोन वाजवा, टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. टोन २० डेसिबल खाली आहे, म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात उंच शिखराला याच्या दहापट व्होल्टेज लागू शकतं. समजा १.४ व्होल्ट आले. दहापट १४. चौदाचा वर्ग १९६, भागिले आठ ओहम, म्हणजे साधारण साडेचोवीस वॉट. चार ओहमचा स्पीकर असेल तर एकोणपन्नास. आता ॲम्पच्या कागदावर पाहा. आठ ओहमला ५० वॉट लिहिलं असेल तर तो २० व्होल्टपर्यंत जातो. चौदा लागतायत, उत्तम. २० वॉटचा असेल तर त्याची धाव साडेबाराच्या आसपास संपते, तो फाटणार.

कागदावरचे वॉटही जरा चाळून घ्यावे लागतात. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे छापलेले असायचे, त्यांना काही अर्थ नव्हता. आजचे रिसीव्हर तितके निर्लज्ज नाहीत, तरी ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल’ अशी बारीक ओळ खाली असतेच. दहा टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आकडा पाव हिस्सा तरी फुगलेला धरा, आणि ‘एक चॅनेल’चा अर्थ रिसीव्हरचे सातही चॅनेल एकदम वाजले तर इतकं मिळणार नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ, ८ ओहम, दोन्ही चॅनेल’ असा आकडा कुठे दिलाय का ते शोधा, तोच कामाचा.

दुप्पट वॉटने फक्त तीन डेसिबल वाढतात. ५० वॉटवरून ६० वर जायला जास्त पैसे मोजू नका, एक डेसिबलही पदरात पडत नाही.

पाचवी पायरी: अदलाबदलीचा स्विच, आणि काय जाळू नये

कानाची बारीक स्मृती काही सेकंदांची असते. वायरी काढून, दुसरा ॲम्प लावून, पाच मिनिटांनी ऐकलं तर आपण आवाजाची नव्हे, आवाजाबद्दलच्या मताची तुलना करतो. म्हणून झटकन बदलणारा स्विच हवा.

सोर्सकडची बाजू सोपी: डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी डबी) किंवा सीडी प्लेअरमधून निघणाऱ्या आरसीए वायरीला साधी वाय-पिन लावून सिग्नल दोन्ही ॲम्पना द्या. स्पीकरच्या बाजूला मात्र सावध राहा. दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना क्षणभरही जोडली जाता कामा नयेत. आणि काळं टर्मिनल म्हणजे अर्थ, असं गृहीत धरू नका. आजचे बहुतेक छोटे क्लास-डी ॲम्प (झटपट चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगवर चालणारे, कमी तापणारे) ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या लाल आणि काळ्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो. बाजारातल्या काही तयार सिलेक्टर डब्या सगळे काळे एकत्र जोडतात. अशा डबीला ब्रिज ॲम्प लावला की धूर. डबी हातात घेऊन मल्टिमीटरच्या बझरने ॲम्प-एकचं काळं आणि ॲम्प-दोनचं काळं तपासा. बझर वाजला तर ती डबी परत करा.

स्वतः बनवणार असाल तर दुकानात ‘फोर पोल, टू वे’ स्विच मागा: दोन चॅनेल, प्रत्येकाच्या दोन वायरी, असे चार पोल. पाच अँपिअर किंवा जास्तीचा, आणि एका बाजूचा संपर्क सुटल्यावरच दुसरीकडे जोडणारा. व्हॉल्व्ह ॲम्प यात घालू नका. स्विच दुसरीकडे गेला की तो बिनलोडचा राहतो. घालायचाच असेल तर सुटलेल्या बाजूला आठ ओहमचा जाड रेझिस्टर जोडायची सोय आधी करा.

सहावी पायरी: न पाहता ऐका

आधी पाहून ऐका, हवा तितका वेळ. कुठला ॲम्प चालू आहे ते माहीत असताना फरक शोधा: कुठल्या गाण्यात, कुठल्या दहा सेकंदांत तो ठळक वाटतो ते ठरवा. पाहूनही असा तुकडा सापडला नाही तर चाचणीची गरजच नाही, उत्तर मिळालंय.

तुकडा सापडला की मित्राला बोलवा. तुम्ही येण्याआधी त्याने नाणं उडवून १६ खेळांचा क्रम कागदावर लिहायचा: छापा पहिला ॲम्प, काटा दुसरा. मग तो स्विच घेऊन तुमच्या पाठीमागे किंवा पडद्याआड बसेल. तुम्ही ‘एक’ म्हणालात की पहिला लावायचा, ‘दोन’ म्हणालात की दुसरा, आणि ‘एक्स’ म्हणालात की कागदावरचा गुपित. तिन्हीत हवं तितकं फिरा, मग सांगा एक्स कोण. याला एबीएक्स म्हणतात. मूळ कल्पना १९५० ची, बेल लॅबमधल्या मन्सन आणि गार्डनर यांची. ऑडिओच्या जगात तिचं यंत्र आणलं ते डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या मंडळींनी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला.

मित्राने बोलायचं नाही. हसायचं नाही. ‘अरे वा’ तर नाहीच. शिवाय ॲम्प तोच ठेवायचा असला तरी स्विच एकदा तिकडे नेऊन परत आणायचा, नाहीतर खटक्याच्या आवाजावरूनच तुम्हाला कळेल. कुठल्या ॲम्पमधून बारीक सूं सूं किंवा घरघर येत असेल तर तीही चुगली करते; तो खरा फरक आहे, पण वेगळा नोंदवा.

१६ पैकी ८ नुसत्या अंदाजाने येतात. १२ किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता शंभरात चारच्या आत. १३ आले तर शंभरात एक. ९-१० आले की ‘थोडा तरी कळला’ असं मनाचं समाधान करून घेऊ नका. आणि खेळ किती हे आधी ठरवा. पाचपैकी चार आले म्हणून तिथेच थांबणं ही लबाडी आहे, भले स्वतःशीच का असेना.

काय ऐकायचं? सगळ्यात कठोर परीक्षक म्हणजे पिंक नॉइज, धबधब्यासारखा सपाट आवाज. कुठल्याही पट्ट्यात थोडा चढउतार असेल तर तो यात चटकन कळतो. ऑडॅसिटीतच बनतो. संगीतात तानपुरा फार उपयोगी. जवारीत वरचे सूर सतत, एकसारखे वाजत राहतात, त्यामुळे स्विच टाकल्यावर काही बदललं तर ते लपत नाही. डग्ग्याची घुमक बेससाठी, टाळ-चिपळ्या ट्रेबलसाठी. पूर्ण गाणी ऐकत बसू नका; दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. आठ खेळांनंतर चहा घ्या, कान थकतात.

फरक खरंच सापडला तर

१३-१४ बरोबर आले? छान, आता कारण शोधायचं. पहिली शंका तुमच्या जुळवणीवर घ्या, मीटर पुन्हा लावा. ती ठीक असेल तर संशयित मोजकेच असतात.

*व्हॉल्व्ह ॲम्प.* इथे फरक खरा आणि मोजता येणारा असतो. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा सरासरी आहे. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सीप्रमाणे तो ४ ते २० ओहममध्ये हिंदकळतो. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला त्याचा आतला अडथळा, तोही ओहममध्ये) चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ०.०५ ओहमच्या आसपास, व्हॉल्व्हमध्ये २ ओहमही असू शकतो. गणित करून पाहा. २ ओहम असेल तर ४ ओहमच्या जागी स्पीकरला दोन तृतीयांश व्होल्टेज पोचतं, २० ओहमच्या जागी ९१ टक्के. फरक २.७ डेसिबल. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हाच फरक ०.१ डेसिबलच्याही खाली राहतो. म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प तुमच्या स्पीकरच्या इम्पीडन्सच्या आलेखाप्रमाणे एक टोन कंट्रोल फिरवून ठेवतो. लोक ज्याला व्हॉल्व्हचा गोडवा म्हणतात त्यातला मोठा वाटा याचा. आवडला तर जरूर घ्या. स्पीकर बदलला की गोडवाही बदलेल एवढं ध्यानात ठेवा.

*छोटे क्लास-डी ॲम्प.* टीपीए ३११६ सारख्या चिपवर बनलेले, तळहाताएवढे, स्वस्त आणि गुणी. यांच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो, आणि साध्या रचनेत फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून परत घेतलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो. त्यामुळे अगदी वरच्या ट्रेबलमध्ये आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे चढतो किंवा उतरतो. पंचविशीतल्या कानाला ते कळू शकतं. पन्नाशीनंतर तिथवर ऐकू येतंच असं नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

*जुने रिसीव्हर.* चोर बाजारातून आणलेले सत्तरच्या दशकातले, लाकडी पेटीतले देखणे. त्यांचे कपॅसिटर वाळलेले असतात, पॉट खरखरतात. ‘व्हिंटेज साउंड’ म्हणून जे कौतुकाने सांगितलं जातं ते पुष्कळदा झिजलेले भाग असतात. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणलेला असेल तर मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावला तर ऐकायला काही उरणार नाही.

*घरघर.* ५० किंवा १०० हर्ट्झची हम ऐकू आली तर ॲम्पला दोष देण्याआधी घराचं अर्थिंग पाहा. जुन्या वाड्यांत, चाळींत तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी वायरच नसते. सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर हम थांबली तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारी घरघर, त्याचा इलाज वेगळा.

फरक सापडला नाही तर

मग ॲम्पची निवड बाकीच्या गोष्टींवर करा. चौथ्या पायरीत निघालेल्या वॉटच्या दुप्पट ताकद असली की पुरे. तुमचा स्पीकर ४ ओहमचा असेल तर ॲम्पला ४ ओहम चालतात असं कागदावर लिहिलेलं हवं. टीव्हीला जोडायचाय तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज ॲम्पकडे आणणारं सॉकेट), रेकॉर्ड वाजवायच्या तर फोनो इनपुट. बंद शोकेसमध्ये ठेवणार असाल तर तापण्याचा विचार करा. आपल्याकडच्या मे महिन्यात क्लास-ए-बी (क्लास-डीपेक्षा जास्त तापणाऱ्या जुन्या रचनेचा) रिसीव्हर वरून हात ठेववत नाही इतका तापतो. गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे ‘साउंड सिग्नेचर’पेक्षा मोठं.

उरलेले पैसे स्पीकरवर घाला. दोन स्पीकरमधला फरक ऐकायला मित्र, नाणं, स्विच काही लागत नाही. त्याहून स्वस्त प्रयोग: स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढा आणि तोच डग्गा पुन्हा ऐका.

सेकंडहँड घेणार असाल तर मालकाच्या घरी दोन गोष्टी करून पाहा. नॉब शून्यापासून हळूहळू फिरवत खरखर येते का, आणि डावं-उजवं सारखं वाढतं का. मग अगदी बारीक आवाजात दहा मिनिटं वाजू द्या. मधेच एक चॅनेल दबला आणि आवाज मोठा केल्यावर परत आला, तर आतल्या स्पीकर रिलेचे संपर्क खराब झालेत. रिले महाग नसतो, कुठलाही बरा मेकॅनिक बदलून देतो, पण भाव करताना ते बोलून दाखवायचं.